इन्सुलिन : प्रयोगशाळेतून घरात

डिचोली तालुक्यातील सुर्ला गावी असो वा अन्यत्र, घरचे मांजर फार पाणी पिऊ लागले आणि भरपूर खाऊनही वाळत चालले, तर त्यामागे मधुमेह असू शकतो. चरक-सुश्रुतांना हा रोग माणसात ठाऊक होता. त्यावरील औषध मात्र एका मुक्या जीवावर पारखले गेले.

१८८९ मध्ये जर्मनीत स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याला मधुमेह जडल्याचे दिसून आले. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी अशाच कुत्र्यांना स्वादुपिंडाचा अर्क टोचला. मार्जोरी नावाची कुत्री त्या अर्कावर सुमारे ७० दिवस जगली. जानेवारी १९२२ मध्ये १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला तो अर्क दिला गेला, आणि मरणपंथास लागलेला मुलगा सावरला.

माणसाला लाभलेले हे औषध पुढे मुक्या जीवांकडे परतले. मांजराला ते बहुधा दर १२ तासांनी, खाण्याच्या वेळी, घरीच टोचतात. मात्रा पशुवैद्यानेच ठरवावी. बाटलीवर मिलिलिटरला ४० एकके आहेत की १००, हे पाहून त्याच मापाची सिरिंज घ्यावी. १०० ची बाटली व ४० ची सिरिंज अशी गफलत झाल्यास मात्रा अडीचपट होते. मांजर जेवले नाही, तर टोचण्यापूर्वी पशुवैद्याला विचारावे. ते झोकांड्या खाऊ लागले, तर साखर फार उतरली असे समजून हिरड्यांना मध चोळावा व तत्काळ पशुवैद्य गाठावा.

नियम पाळल्यास काही मांजरांचे इन्सुलिन सुटतेही. मार्जोरीचे ऋण असे थोडेफार फिटते.