कोल्हापूरची आकाशरेषा : नगारा, घड्याळ, भोंगा आणि किरणं

मध्यम आकाराच्या शहरांची आकाशरेषा, म्हणजे लांबून शहराकडे बघितलं की आभाळाला टेकलेली जी वरची रेघ दिसते ती, हा आजचा विषय. इंग्रजीतला 'स्कायलाइन' शब्द आता सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण तो ऐकला की डोळ्यांपुढे मुंबई येते, नाहीतर न्यूयॉर्क. कोल्हापूर, सांगली, सोलापूर अशा पाच-दहा लाखांच्या गावांना आकाशरेषा असते, हेच आपण सहसा मान्य करत नाही. आपल्याला वाटतं, चार देवळं, पाण्याच्या टाक्या आणि मोबाइलचे टॉवर, त्यात काय बघायचं? आमचं म्हणणं असं की उंच काय बांधलं, कोणी बांधलं आणि ते कशासाठी उंच हवं होतं, एवढं विचारलं तरी शहराचा बराचसा इतिहास हाती लागतो.

कोल्हापूर नीट बघायचं तर टेंबलाईच्या टेकडीवर जावं. तिथून पश्चिमेला शहर पसरलेलं दिसतं आणि हवा स्वच्छ असेल तर वायव्येला जोतिबाचा डोंगर आणि पन्हाळा. म्हणजे पहिली गोष्ट ही की या शहराची सगळ्यात वरची रेघ माणसाने काढलेलीच नाही. साताऱ्याचंही तसंच. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या गावात तुम्ही पंधरा मजले चढवले तरी ते किल्ल्याखालीच राहणार. सोलापूरला हा आधार नाही. तिथं माळ सपाट, त्यामुळे माणसाने जे उभं केलं ते मैलोन् मैल दिसतं. ही तुलना लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता माणसाने काढलेली रेघ. जुनं कोल्हापूर तटबंदीच्या आतलं. गंगावेश, रंकाळावेश, वरुणतीर्थ वेश ही नावं आजही रिक्षावाल्याला सांगतो आपण, पण वेस तिथं नाही. बिंदू चौकात तटाचा तुकडा आणि बुरूज राहिलाय, तोच काय तो पुरावा. त्या तटाच्या आत घरं बहुतेक दुमजली. लाकूड, माती-विटांच्या भिंती आणि कौलं यांवर याहून उंच जाणं परवडतही नव्हतं. या कौलांच्या समुद्रातून वर डोकं काढणाऱ्या जागा दोनच: अंबाबाईची शिखरं आणि जुन्या राजवाड्याचा नगारखाना. देऊळ प्राचीन, काळ्या दगडाचं. मात्र वर दिसणारी विटा-चुन्याची शिखरं खालच्या दगडी कामाच्या पुष्कळ नंतरची आहेत, हे बऱ्याच भाविकांना माहीत नसतं. म्हणजे शहराच्या रेघेतला सर्वांत 'पुरातन' वाटणारा भाग हा तुलनेने नवा आहे.

नगारखाना उंच का? नगारा वर ठेवला की आवाज लांब जातो. दारावर मजले चढवायचं कारण शोभेपेक्षा जास्त हे होतं. इथून आमच्या आजच्या बोलण्याचा धागा सुरू होतो. कोल्हापुरात जे जे उंच बांधलं गेलं, त्यातलं बरंचसं गावाला वेळ सांगण्यासाठी होतं.

पुढचा टप्पा बघा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संस्थानात मेजर चार्ल्स मँट नावाचा इंजिनियर-वास्तुविशारद काम करत होता. टाऊन हॉल त्याचा, आज जिथं वस्तुसंग्रहालय आहे ती निमुळत्या टोकांची इमारत. आणि नवा राजवाडा त्याचा, १८७७ ते १८८४ या काळात झालेला. काळा दगड, कमानी, घुमट्या, आणि मधोमध घड्याळाचा मनोरा. बडोद्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसचा आराखडाही मँटचाच. तो १८८१ साली गेला, त्यामुळे दोन्ही वाडे पूर्ण झालेले त्याने पाहिले नाहीत. आता गंमत अशी की नगाऱ्याची वेळ ही दरबाराची वेळ, आणि घड्याळाची वेळ ही कचेरीची, आगगाडीची. १८९१ साली मिरजेहून रेल्वे कोल्हापुरात आली. रेल्वे आली की गावाला मिनिटं मोजावी लागतात. रंकाळ्याकाठी १९३१ ते ३४ मध्ये शालिनी पॅलेस बांधला, त्यावरही पुन्हा घड्याळाचा मनोरा आहेच.

१८८० च्या दशकात कळंबा तलावाचं पाणी नळाने शहरात आलं. ते पंपाने नव्हे, उताराने. उताराचं पाणी ठरावीक उंचीपर्यंतच चढतं, त्यामुळे नळाच्या पाण्यानेही घरांच्या उंचीला मर्यादा घातली. उंची ही विटांएवढीच पाण्याची गोष्ट असते. आज गच्चीवरच्या काळ्या टाक्या आपल्याला कुरूप वाटतात, पण त्या टाक्या आणि खालची मोटर नसती तर तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर कोणी राहायला गेलं नसतं.

मग शाहू महाराजांचा काळ. १८९५ ला शाहूपुरीची पेठ, १९०६ ला शाहू मिल. मिल म्हटलं की धुराडं. शिखर, नगारखाना, मनोरा यांच्या जोडीला पहिल्यांदाच अशी वस्तू आली की जिच्यात कुणाचा मान नव्हता, फक्त धूर वर सोडायचा होता. पण गावाने तिलाही घड्याळ करून टाकलं. शाहू मिलचा भोंगा झाला की पोरांना शाळेला हाकलायचं, चूल पेटवायची, हे कोल्हापुरातल्या जुन्या माणसांना आजही आठवतं. मिल बंद पडून आता बरीच वर्षं झाली. स्मारकाचं काय होणार, यावर बैठका होत असतात.

इथं आपण सोलापूरला जाऊ. सोलापूरची पहिली मोठी गिरणी १८७७ ची, म्हणजे शाहू मिलच्या जवळपास तीस वर्षं आधीची. आणि एक नव्हे, एकामागून एक गिरण्या. कोल्हापुरात धुराडं हा रेघेतला एक पाहुणा होता. सोलापुरात धुराडी हीच रेघ. मघाशी म्हटलं तसं, सपाट माळावर ती कोसांवरून दिसायची. गिरण्या गेल्या, पण धुराड्याने सोलापूर सोडलं नाही. श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची सहवीजनिर्मितीची सुमारे नव्वद मीटरची चिमणी होटगी रोडच्या विमानतळाच्या वाटेत आली. विमानतळ हवा म्हणणारे एका बाजूला, कारखान्याचे ऊसउत्पादक सभासद दुसऱ्या बाजूला. वर्षानुवर्षं आंदोलनं झाली, कोर्टकचेरी झाली आणि १५ जून २०२३ रोजी चिमणी पाडली. काही सेकंदांत खाली आली. एका मध्यम शहराची आकाशरेषा एका दुपारीत बदलते आणि तिच्यामागे ऊस, गाळप, शेअर्स, विमानाचं तिकीट एवढं सगळं असतं. याला कोणी 'सौंदर्यदृष्टी'चा प्रश्न म्हणू नये.

सांगलीचा मामला वेगळा. तिथं मुळात तीन गावं आहेत. सांगली, मिरज, कुपवाड यांची मिळून १९९८ साली महापालिका झाली. सांगलीत कृष्णाकाठचं पटवर्धनांचं गणपती मंदिर आणि आयर्विन पूल, मिरजेत मीरासाहेबांचा दर्गा आणि वॉन्लेस हॉस्पिटल. त्यामुळे 'सांगलीची रेघ' असं एकवचनात बोलताच येत नाही. आयर्विन पूल १९२९ चा. तो उंच इमारत नाही, पण सांगलीकर उंची मोजतो ती त्याच पुलावर, पाण्याची. २०१९ च्या पुरात तिथं कृष्णा ५७ फुटांच्या पुढे गेली. कोल्हापूरकर तेच राजाराम बंधाऱ्यावर करतो. ३९ फूट इशारा, ४३ धोका, आणि २०१९ ला पंचगंगा ५५ च्या वर. पुराच्या देशातली आकाशरेषा खालूनही वाचावी लागते. कोणत्या मजल्यापर्यंत पाणी आलं होतं, त्यावर वर किती चढायचं ते ठरतं.

आता आकडे, थोडेच. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या ५,४९,२३६ आणि क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटर. म्हणजे चौरस किलोमीटरला सव्वाआठ हजार माणसं. सोलापूरची लोकसंख्या ९,५१,५५८, पण क्षेत्र १७८ चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे सव्वापाच हजार. सांगली-मिरज-कुपवाडची ५,०२,७९३, क्षेत्र ११८ च्या आसपास, म्हणजे सव्वाचार. तिघांत सगळ्यात दाटीवाटीचं कोल्हापूर आहे. कारण सगळ्यांना माहीत आहे. १९७२ ला नगरपालिकेची महापालिका झाली, पण हद्द जागची हलली नाही. हद्दवाढ म्हटली की भोवतालची गावं रस्त्यावर येतात. त्यांची भीती खोटी नाही: कर वाढणार, शेतजमिनीवर आरक्षणं पडणार, आणि शहरातल्याच सुविधांची रड असताना आम्हाला काय मिळणार, असं त्यांचं म्हणणं. २०१७ ला ४२ गावांसाठी प्राधिकरण काढलं, त्याने प्रश्न सुटला असं आज कोणीच म्हणत नाही.

म्हणजे बघा, उत्तरेला-पश्चिमेला पूररेषा, भोवती हद्दीची रेषा. शहराला उरली एकच दिशा, वरची. १९८० नंतर ताराबाई पार्क, नागाळा पार्कातले बंगले जाऊन अपार्टमेंट आली ती याच कोंडीतून. डिसेंबर २०२० मध्ये राज्याने एकत्रित विकास नियंत्रण नियमावली मंजूर केली, त्यात वाढीव चटई क्षेत्र रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून ठेवलं. रस्ता रुंद तर मजले जास्त. अमेरिकेतल्या मध्यम शहरात मधोमध उंच इमारतींचा झुबका असतो आणि कडेला उतार होत जातो. आपल्याकडे या नियमाने उलटं होतंय. मधल्या जुन्या पेठांच्या गल्ल्या अरुंद, म्हणून तिथं उंची बेताची, आणि उंच इमारती बाहेरच्या रुंद रस्त्यांच्या कडेने. मधे खोलगट, कडा उंच, अगदी परातीसारखं.

(मधल्या काळात २०१७ च्या महाराष्ट्र दिनी पोलीस उद्यानात ३०३ फुटांचा ध्वजस्तंभ उभा राहिला. जगात भारी असल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही, एवढंच त्याविषयी बोलून पुढे जाऊ.)

परातीची कड उंच होतेय, यात अडचण काय? अडचण अंबाबाईची आहे. देवीचं तोंड पश्चिमेला. परंपरेने ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या दिवशी मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी चरणांवर, मग वर, आणि शेवटी मुखावर. या दोन्ही वेळी सूर्य क्षितिजावर जवळपास एकाच जागी मावळतो, पश्चिमेपासून सुमारे अठरा अंश दक्षिणेला. रंकाळ्याच्या बाजूला. सूर्य जसजसा खाली जातो तसतशी किरणं आडवी होतात आणि मूर्तीवर वर चढतात. म्हणजे मुखापर्यंत जाणारं किरण हे सगळ्यात शेवटचं, सगळ्यात आडवं. पश्चिमेची रेघ वर सरकली की पहिल्यांदा कापलं जातं ते हेच.

किती कापलं जातं? साधा हिशेब करू. देवळापासून तीनशे मीटरवर एखादं छत किरणांच्या पातळीच्या बारा मीटर वर डोकावतंय असं धरा. तो कोन होतो सव्वादोन अंशांच्या आसपास. आपल्या अक्षांशावर त्या दिवसांत सूर्य एक अंश खाली यायला साधारण साडेचार मिनिटं घेतो. म्हणजे चार मजल्यांनी दहा मिनिटं खाल्ली. एका मजल्याने अडीच. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीने किंवा जाहिरातीच्या फलकाने दीड-दोन. अलीकडच्या वर्षांत किरणं कमरेपर्यंतच पोचली, अशा बातम्या आपण वाचतो. ढग आणि धूळ ही कारणं असतातच, पण किरणांच्या मार्गातली बांधकामं मोजली गेली आणि काही अडथळे हटवलेही गेले, ते या मिनिटांसाठी.

जगात याला जोड आहे. फिलाडेल्फियात नगरभवनावर विल्यम पेनचा पुतळा आहे. त्याच्या टोपीपेक्षा उंच बांधायचं नाही असा अलिखित करार बिल्डरांनी कित्येक वर्षं पाळला. १९८७ ला तो मोडला. तो मानाचा प्रश्न होता. टोपीखाली इमारत राहिली काय आणि वर गेली काय, पुतळ्याला फरक पडत नव्हता. कोल्हापुरात फरक मोजता येतो. म्हणून आमचं मत असं की इथं सबंध शहराच्या उंचीवर सरसकट बंधन घालणं चुकीचं आहे. सहा दिवसांच्या किरणांचा पट्टा अरुंद आहे, दिशा ठरलेली आहे. तेवढ्या पट्ट्यात प्रत्येक घराला किती उंची हे अंतरानुसार ठरवता येईल, आणि ज्यांचा मजला जातो त्यांना तो हक्क दुसरीकडे वापरता यावा म्हणून टीडीआरची तरतूद आहेच. महाद्वार रोडच्या परिसरात तीन पिढ्या राहणाऱ्याला श्रद्धेच्या नावाने फुकट मजला सोडायला सांगणं आम्हाला पटत नाही. त्यांची दुकानं, त्यांची पोरं तिथंच आहेत.

येत्या नोव्हेंबरात कोल्हापुरात असाल तर एक करा. किरणोत्सवाच्या दिवशी सगळे देवळाकडे तोंड करून उभे असतात. तुम्ही सूर्यास्ताच्या वीस मिनिटं आधी महाद्वारात देवळाकडे पाठ करून उभे राहा आणि पश्चिमेला बघा. कोणती गच्ची, कोणती टाकी, कोणता पत्रा आड येतो ते वहीत टिपा, वेळेसकट. पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा टिपा.

आता प्रश्न घेऊ.