मल्लय्या आणि योगदंड

* मल्लय्या : श्रीशैलचा मल्लिकार्जुन. सोलापूरचे सिद्धरामेश्वर (१२ वे शतक) पोरवयात गुरे राखत असताना तो जंगमवेषात येऊन हुरडा खातो, मग दहीभात मागतो. घरून दहीभात आणेपर्यंत जंगम गायब. त्याला हाका मारत पोरगा थेट श्रीशैलच्या कड्यावर पोचतो. उडी घेणार तोच देव हात धरतो. पुढच्या कथेत ताटातूट दुसऱ्याच्या वाट्याला येते. सिद्धरामांच्या दारात रोज सडा-रांगोळी करणारी कुंभारकन्या त्यांना वरू पाहते, तर ते तिचे लग्न आपल्या योगदंडाशी लावून देतात. सोलापुरात संक्रांतीच्या गड्डा यात्रेत संमती कट्ट्यापाशी सात नंदीध्वजांसमोर त्याच लग्नाच्या अक्षता पडतात, नंतर होमविधी. चरित्रकार पहिल्या कथेवर रेंगाळतात. सोलापूरकर मात्र पांढरी बाराबंदी घालून दुसरीचे वऱ्हाडी होतात.