पाणी घालवण्यापासून थोपवण्यापर्यंत

२ डिसेंबर १९७८ रोजी सिंगापुरात चोवीस तासांत ५१२ मिलिमीटर पाऊस पडला, सात जण दगावले. खापर पावसावर फोडणे सोपे; पण मुसळधार सर, भरती आणि सखल जमीन यांची गाठ पडली की पूर येतो, आणि वस्ती वाढली की पाणी मुरेनासे होते. पहिला उपाय सरळ होता: पाणी झटपट समुद्रात घालवा. बुकित तिमाह भागातला पहिला वळण-कालवा १९७२ मध्ये झाला, दुसरा १९९० मध्ये. २००८ च्या मरीना बराज या बंधाऱ्याने भरतीलाही अडवले: ओहोटीत दरवाजे उघडायचे, भरतीत ते बंद ठेवून पंपाने पाणी बाहेर फेकायचे.

मग कालवेच रुंद करत राहावे, असे कोणी म्हणेल. पण जून २०१० मध्ये ऑर्चर्ड रोडवरच्या दुकानांत पाणी शिरले. दाट वस्तीत कालवा रुंदावणार किती? म्हणून २०१४ पासून ०.२ हेक्टर वा त्याहून मोठ्या जागेवर नवे बांधकाम करणाऱ्यांना पावसाचे पाणी आवारातच काही काळ रोखणे बंधनकारक झाले. २०१८ मध्ये ऑर्चर्ड रोडचे पाणी वाहून नेणाऱ्या स्टॅमफर्ड कालव्यासाठी ३८,००० घनमीटरची भूमिगत टाकी आली. हे श्रीमंत नगरराज्यालाच परवडते, हा आक्षेप टाकीपुरता खरा आहे. बांधकामाच्या नियमाला मात्र तिजोरीपेक्षा अंमलबजावणीची धमक लागते, आणि मिठी नदीकाठच्या मुंबईने घ्यावा तो धडा हाच.