सौम्य गांठीचा इतिहास

स्तनांत गांठ हाताला लागली कीं तिचा अर्थ काय, हा प्रश्न स्त्रीला जितका भयप्रद, तितकाच तो वैद्यकाला दीर्घकाळ दुर्घट वाटत आला आहे. प्रत्येक गांठ कर्करोगाची मानावी तर निष्कारण शस्त्रक्रिया घडते. प्रत्येक गांठ निरुपद्रवी मानावी तर प्राणावर बेततें. या दोन चुकांमधून वैद्यकानें वाट कशी काढली, त्याचा इतिहास उद्बोधक आहे.

लंडनचे शस्त्रवैद्य सर अ‍ॅस्टली कूपर यांनीं इ. स. १८२९ मध्यें स्तनविकारांवरील सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. तरुण स्त्रियांच्या स्तनांत आढळणारी, बोटाखालून निसटणारी गांठ कर्करोगाहून निराळी असते, हें त्यांत त्यांनीं मांडलें. आज तिला फायब्रोअ‍ॅडेनोमा म्हणतात. परंतु हा निवाडा मुख्यतः डोळ्यांवर व बोटांवर अवलंबून होता. पुढें १८९४ सालीं बाल्टिमोरचे डॉ. हॅल्स्टेड यांनीं स्तनाबरोबर छातीचे स्नायू व काखेंतील ग्रंथी काढण्याच्या आपल्या शस्त्रक्रियेचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि ती सर्वत्र रूढ झाली. इतक्या मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वीं निदान अचूक असणें अगत्याचें होतें. १९०५ मध्यें अमेरिकेंतील मेयो रुग्णालयाच्या डॉ. विल्सन यांनीं गोठविलेल्या ऊतकाचा पातळ काप कांहीं मिनिटांत सूक्ष्मदर्शकाखालीं तपासण्याची रीत बसविली, आणि रुग्ण मेजावर असतांनाच निवाडा मिळूं लागला.

१९४१ हें वर्ष दोन कारणांनीं लक्षांत राहतें. त्या वर्षीं न्यूयॉर्कच्या फूट व स्ट्यूअर्ट या विकृतिशास्त्रज्ञांनीं स्तनाच्या खंडिकांतच सीमित राहणाऱ्या, हाताला न जाणवणाऱ्या एका विकृतीचें वर्णन केलें. त्याच वर्षीं २८ फेब्रुवारीस परळ येथें टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालें. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं वाहिली. अंधेरी, घाटकोपर, बोरिवली, मुलुंड हीं तेव्हां महापालिकेच्या हद्दीबाहेर होतीं. १९५० व १९५७ सालच्या विस्तारांनीं तीं बृहन्मुंबईंत आलीं. त्यामुळें १९६३ सालीं इंडियन कॅन्सर सोसायटीनें मुंबईंत कर्करोगाची नोंदणी आरंभिली, तेव्हां या उपनगरांतील रुग्णांचीही गणना होऊं लागली.

सौम्य गांठीचें पुढें काय होतें, याचें मोजून दिलेलें उत्तर १९८५ मध्यें अमेरिकेंतील डुपाँट व पेज यांनीं दिलें. गांठ सौम्य ठरलेल्या ३,३०३ स्त्रियांचा त्यांनीं सुमारे १७ वर्षें मागोवा घेतला. ज्यांच्या गांठींत पेशींची जादा वाढ नव्हती अशा स्त्रिया सुमारे ७० टक्के होत्या, आणि त्यांना कर्करोगाचा धोका वाढलेला दिसला नाहीं. पेशींची वाढ जेथें विकृत वळणाची होती तेथें मात्र तो सुमारे पांचपट आढळला. तरीही त्यांतील बहुतेक स्त्रियांना कर्करोग झाला नाहीं, हेंही ध्यानांत घेतलें पाहिजे. फायब्रोअ‍ॅडेनोमाच्या पोटांतच कर्करोग उद्भवणें ही विरळा घटना होय. घडलीच तर बहुधा फूट व स्ट्यूअर्ट यांनीं वर्णिलेली विकृतीच तेथें आढळते. बाहेरून गांठ नेहमीसारखीच दिसते, भेद कळतो तो सूक्ष्मदर्शकाखालींच. म्हणून काढलेली गांठ कितीही साधी वाटली तरी ती तपासणीस पाठविण्याचा दंडक पडला.

परंतु प्रयोगशाळेपर्यंत गांठ पोंचावी कशी? १९९८ सालीं टाटा मेमोरियलनें मुंबईच्या गरीब वस्त्यांत ३५ ते ६४ वर्षांच्या १,५१,५३८ स्त्रियांचा अभ्यास हातीं घेतला. त्यांपैकीं सुमारे निम्म्यांची स्तनतपासणी प्रशिक्षित सेविका दर दोन वर्षांनीं नुसत्या हातांनीं करीत. २०२१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पन्नाशीपुढील स्त्रियांमध्यें स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनीं कमी दिसले; त्याहून लहान वयांत तसा लाभ सिद्ध झाला नाहीं.

कूपरच्या काळीं बोटांनीं निवाडा देत. आतां बोटांनीं गांठ शोधावी आणि निवाडा सूक्ष्मदर्शकानें द्यावा, अशी कामाची वांटणी झाली आहे. पूर्वीं एक गांठ सौम्य ठरली, एवढ्यावर नवी किंवा वाढणारी गांठ दाखविण्याचें टाळूं नये, आणि ती दाखविण्यापूर्वींच धीरही सोडूं नये, हेंच या इतिहासाचें सार होय.