बँकॉकच्या रुग्णालयातली तान्ही मुले

डेंग्यूचा जीवघेणा प्रकार शरीराच्या स्वतःच्या संरक्षक प्रतिपिंडांमुळे बळावतो, याचा पहिला पुरावा सूक्ष्मदर्शकाखाली नव्हे, रुग्णांच्या वयाच्या रकान्यात सापडला.

1958 साली बँकॉकमध्ये रक्तस्रावी तापाची मोठी साथ आली. पुढच्या दशकात स्कॉट हॉल्स्टेड, सुचित्रा निम्मान्नित्य आणि सहकाऱ्यांनी तिथल्या बालरुग्णांचा बारकाईने अभ्यास केला. 1970 साली छापलेल्या त्यांच्या निबंधात दोन गट दिसतात. वर्षावरच्या गंभीर मुलांच्या रक्तात डेंग्यू पूर्वी होऊन गेल्याच्या खुणा होत्या. वर्षाच्या आतल्या बाळांचा मात्र तो पहिलाच संसर्ग होता.

दुसरा संसर्गच घातक म्हणावा, तर ही बाळे का दगावावीत? याचे उत्तर आयांच्या रक्तात होते. त्यांना डेंग्यू होऊन गेलेला होता आणि त्यांची प्रतिपिंडे वारेतून बाळांकडे आली होती. अगदी नवजात बाळे सुरक्षित राहत. धोका वाढे तो काही महिन्यांनी, आईकडून आलेली प्रतिपिंडे विरत चालली की. उरलेली प्रतिपिंडे विषाणूला चिकटायला पुरेशी, पण त्याला निष्प्रभ करायला अपुरी ठरत. माझ्या मते या साऱ्या कागदपत्रांतला सर्वांत बोलका पुरावा हाच आहे.

पेशींची साक्ष नंतर आली. 1977 साली हॉल्स्टेड आणि ओ'रूर्क यांनी दाखवले, की प्रतिपिंडे थोड्या प्रमाणात मिसळली तर माकडांच्या आणि माणसांच्या पांढऱ्या पेशींत विषाणू अधिक वाढतो. मोनोसाइट आणि भक्षक पेशींच्या पृष्ठभागावर प्रतिपिंडाचे शेपूट पकडणारे ग्राहक असतात. प्रतिपिंडासकट विषाणू आत ओढला जातो, तिथे मरत नाही, उलट फोफावतो. मग पेशींतून सुटणाऱ्या रसायनांनी केशवाहिन्या पाझरू लागतात, रक्त घट्ट होते, रक्तदाब कोसळतो. आणि हे बहुधा ताप उतरत असतानाच घडते. घरच्यांना वाटते, मूल सुधारले.

क्यूबाच्या नोंदी याला बळ देतात. तिथे 1977 मध्ये डेंग्यू विषाणूचा डेंग्यू-1 हा प्रकार पसरला, 1981 मध्ये डेंग्यू-2 हा दुसरा. दुसऱ्या साथीत 3,44,203 रुग्ण नोंदले गेले, 158 जण दगावले, त्यांतली 101 मुले. 1997 मध्ये सँटियागो दे क्यूबात डेंग्यू-2 परतला, तेव्हा गंभीर रुग्ण जवळजवळ सगळे प्रौढ होते. डेंग्यू-1 ची साथ ओसरल्यावर जन्मलेली मुले वाचली. म्हणजे ती जुनी प्रतिपिंडे वीस वर्षांनीही धोक्याची होती.

तरीही दुसरा संसर्ग झालेले बहुतेक लोक बरे होतात, म्हणून सगळा दोष प्रतिपिंडांवर टाकता येत नाही. 2003 साली थायलंडमधल्या आजारी मुलांच्या टी-पेशी चालू विषाणूपेक्षा आधीच्या प्रकाराला अधिक चांगले ओळखताना आढळल्या. 2017 मध्ये निकाराग्वातल्या मुलांच्या दीर्घ अभ्यासाने प्रतिपिंडांचा मुद्दा अधिक नेमका केला: गंभीर आजाराचा धोका प्रतिपिंडांच्या एका मधल्या पातळीवर सर्वाधिक असतो, त्याहून कमी किंवा जास्त असताना नाही.

हा प्रश्न लसीपर्यंतही पोहोचला. फिलिपिन्समध्ये 2016 पासून 8 लाखांहून अधिक मुलांना डेंगव्हॅक्सिया ही लस दिली गेली. पूर्वी डेंग्यू न झालेल्यांना ती पुढे अधिक गंभीर आजाराकडे नेऊ शकते, असे निर्मात्या कंपनीने नोव्हेंबर 2017 मध्ये जाहीर केले. 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही लस देण्याआधी रक्त तपासण्याची शिफारस केली.