स्नायपर रायफल आणि डीएमआर : फरक नेमका काय?

बातम्यांमध्ये दुर्बीण लावलेली कुठलीही बंदूक दिसली की आपण तिला सरळ ‘स्नायपर’ म्हणून मोकळे होतो. पण सैन्यात यांचे दोन वेगळे प्रकार आहेत : स्नायपर रायफल आणि डीएमआर, म्हणजे डेझिग्नेटेड मार्क्समन रायफल. हा नुसता नावाचा फरक नाही. भारतीय लष्कराला याच फरकामुळे नव्या रायफली घ्याव्या लागल्या.

काम वेगळं, म्हणून रायफल वेगळी

स्नायपर साधारणपणे जोडीदारासोबत, आपल्या तुकडीपासून वेगळा काम करतो. तासन्‌तास लपून निरीक्षण करणं हा त्याच्या कामाचा मोठा भाग. गोळी झाडायची वेळ आली तर पहिलीच लागली पाहिजे. म्हणून त्याची रायफल बहुतेक वेळा बोल्ट-ॲक्शन असते : प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागेपुढे करायचा. वेग कमी, पण अचूकता जास्त.

डीएमआरवाला मात्र तुकडीसोबतच चालतो, पळतो, आडोसा घेतो. बाकीच्यांच्या रायफली जिथे कमी पडू लागतात, तिथून पुढे साधारण ८०० मीटरपर्यंतचं अंतर त्याने सांभाळायचं. त्याला एकामागून एक गोळ्या झाडता आल्या पाहिजेत, म्हणून त्याची रायफल सेमी-ऑटोमॅटिक असते.

पण ‘सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे डीएमआर’ असं समीकरण पाठ करू नका. एनएसजीकडची जर्मन पीएसजी-१ सेमी-ऑटोमॅटिक असूनही पक्की स्नायपर रायफल आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिक हल्ल्यानंतर पोलीस आणि कमांडो पथकांसाठी ती बनवली गेली. २६/११ ला नरिमन हाऊसच्या आजूबाजूच्या इमारतींवर एनएसजीचे स्नायपर बसले होते. तिथे अंतर थोडं होतं, पण आत ओलीस होते. अशा ठिकाणी लांब पल्ल्यापेक्षा अचूकता महत्त्वाची. थोडक्यात, आधी काम ठरतं, मग रायफल.

ड्रॅगुनोव्हची गोष्ट

भारतीय लष्कराची अनेक वर्षांची ‘स्नायपर’ म्हणजे ड्रॅगुनोव्ह एसव्हीडी. सोव्हिएत सैन्याने ती १९६३ मध्ये स्वीकारली. कॅलिबर ७.६२ मिलिमीटर, मॅगझिनमध्ये १० गोळ्या, सोबत चार पट मोठं दाखवणारी पीएसओ-१ दुर्बीण. सोव्हिएत पद्धतीत ती पायदळाच्या तुकडीसोबतच्या नेमबाजासाठी होती. म्हणजे आजच्या भाषेत डीएमआरच!

आता थोडं गणित. रायफलची अचूकता ‘मिनिट ऑफ अँगल’मध्ये मोजतात. एक मिनिट म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर तो सुमारे २.९ सेंटिमीटर भरतो, ८०० मीटरवर सुमारे २३. चांगली स्नायपर रायफल एका मिनिटाच्या आत गोळ्या टाकते. ड्रॅगुनोव्ह साध्या काडतुसांनी दोनच्या आसपास, म्हणजे ८०० मीटरवर ४६ सेंटिमीटरचं वर्तुळ. माणसाची छाती साधारण तेवढीच रुंद. नेमबाजाची काही चूक नसली तरी गोळी काठावरून जाऊ शकते.

वाऱ्याचा हिशेब

मी उत्तनला राहतो. आमच्याकडे वारा मोजायला यंत्र लागत नाही. वाळत घातलेले बोंबील किती हलतायत आणि होड्यांवरचे झेंडे किती ताठ झालेत, यावरून अंदाज येतो. स्नायपरही गवत, धूर, धूळ बघून हेच करतो. फक्त त्याला तो अंदाज आकड्यात बसवावा लागतो.

मी पायथॉनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहून बघितला. ताशी १४ किलोमीटरचा, म्हणजे संध्याकाळी किनाऱ्यावर सुखद वाटणारा आडवा वारा धरला. ड्रॅगुनोव्हच्या वर्गातली गोळी ८०० मीटरवर दीड ते दोन मीटर बाजूला सरकली. त्याच वाऱ्यात .३३८ लापुआ मॅग्नम ही जड, निमुळती गोळी साधारण एकच मीटर सरकली. कारण ती हवेत आपला वेग जास्त टिकवते. वाऱ्याच्या अंदाजात थोडी गफलत झाली, तरी मोठ्या कॅलिबरमध्ये नुकसान कमी होतं.

मग लष्कराने काय केलं?

नियंत्रण रेषेवर एका डोंगरावरून समोरच्या डोंगरावर नजर ठेवायची असते. समोरच्याकडे लांब पल्ल्याची रायफल असेल आणि आपल्या जवानाकडे ड्रॅगुनोव्ह, तर आपला जवान त्याच्या टप्प्यात असतो, पण तो आपल्या टप्प्यात नसतो. म्हणून २०१९ च्या सुमारास मर्यादित संख्येने दोन रायफली आल्या : इटलीच्या बेरेटाची .३३८ कॅलिबरची स्कॉर्पिओ टीजीटी आणि अमेरिकेच्या बॅरेटची .५० कॅलिबरची एम९५. २०२२ मध्ये फिनलंडची साको टीआरजी-४२ नियंत्रण रेषेवर पोहोचली. तीही .३३८ चीच, पल्ला सुमारे १,५०० मीटर. बेंगळुरूच्या एसएसएस डिफेन्सने याच कॅलिबरमध्ये ‘सेबर’ ही देशी रायफल बनवली आहे.

रायफल आली, गोळीचं काय?

महाराष्ट्राचा संबंध इथे येतो. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावला लहान शस्त्रांची काडतुसं बनतात. २०२१ पासून हे कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहेत आणि तिचं मुख्यालय पुण्यात आहे.

साध्या रायफलची काडतुसं लाखोंनी लागतात, तिथे थोडाफार फरक चालून जातो. स्नायपरच्या काडतुसात दारूचं वजन किंचित बदललं की वेग बदलतो, आणि हजार मीटरवर गोळी वर-खाली जाते. शिवाय रोज सराव केल्याशिवाय स्नायपर तयार होत नाही, आणि सरावाला याच महागड्या गोळ्या लागतात. म्हणून पुढच्या वेळी नव्या स्नायपर रायफलच्या खरेदीची बातमी वाचाल, तेव्हा पल्ल्याच्या आकड्यासोबत एवढं जरूर शोधा : तिच्या गोळ्या कुठे बनतात, आणि जवानाला सरावासाठी किती मिळतात?