पांढऱ्या कावळ्याचा शोध: विल्यम जेम्स आणि पंचवीस वर्षांची तपासणी

गूढवादावर बोलायला उभं राहिलं की श्रोत्यांतून एक प्रश्न हमखास येतो, "सर, मग चमत्कार खरे असतात का?" आज आपण हा प्रश्न अशा काही माणसांच्या हाती देऊन पाहू, ज्यांनी त्यासाठी आयुष्याची उमेदीची वर्षं खर्च केली.

१८८२ साली लंडनमध्ये 'सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च' ही संस्था स्थापन झाली. पहिले अध्यक्ष होते हेन्री सिजविक, केंब्रिजचे नीतिशास्त्रज्ञ. हा माणूस कसा होता? चर्चच्या धर्मतत्त्वांना मनापासून मान्यता देता येईना, म्हणून १८६९ मध्ये त्यांनी ट्रिनिटी कॉलेजची फेलोशिप सोडून दिली होती. डार्विननंतरचा तो काळ. श्रद्धा सुटत चालली होती, पण मृत्यूचा प्रश्न काही सुटत नव्हता. तेव्हा या मंडळींनी ठरवलं की मानायचंही नाही आणि हसायचंही नाही, तपासायचं.

आणि तपासलं कसं? जागेपणी, समोर कुणी नसताना, कधी कुणी दिसलं वा आवाज ऐकू आला का, असा प्रश्न त्यांनी सुमारे १७,००० लोकांना विचारला. १८९४ च्या अहवालात, साधारण दहांतल्या एकाने 'हो' म्हटल्याचं दिसतं. ही चांगली शहाणीसुरती, संसारी माणसं होती बरं का. म्हणजे भास होणं हे वेडाचंच लक्षण, हा समज इथे डळमळीत झाला. तो भास कशामुळे झाला, हा मात्र वेगळा प्रश्न उरतो.

या संस्थेचा आपल्याकडेही संबंध आला. थिऑसॉफिकल सोसायटीच्या मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट १८७९ मध्ये मुंबईत आले. १८८२ च्या अखेरीस त्यांचं ठाणं मद्रासजवळच्या अड्यारला हललं. तिथे एका कपाटात महात्म्यांची पत्रं आपोआप प्रकट होतात, अशी ख्याती होती. संस्थेने रिचर्ड हॉजसन या तरुणाला चौकशीला धाडलं. १८८५ च्या अहवालात त्याने निष्कर्ष काढला की ही फसवणूक आहे. पुढे १९८६ मध्ये व्हर्नन हॅरिसन यांनी संस्थेच्याच नियतकालिकात त्या अहवालाच्या पद्धतीवर कडक टीका केली. म्हणजे तपासणाऱ्यालाही तपासणारा भेटतो! आम्हाला ही त्या परंपरेची जमेची बाजू वाटते.

आता बॉस्टनला जाऊ. हार्वर्डचे तत्त्वज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांचा दीड वर्षाचा मुलगा हर्मन जुलै १८८५ मध्ये गेला. त्याच वर्षी ते लिओनोरा पायपर नावाच्या माध्यम बाईंकडे गेले. बाई तंद्रीत गेल्या आणि बोलू लागल्या. गेलेल्या मुलाचं नाव 'हेरिन' असं निघालं.

हर्मन आणि हेरिन. इथे जरा थांबू या. आईबापाच्या कानाला यात आपलं लेकरू ऐकू येणारच. पण शंका घेणारा विचारील, कुठून तरी कानावर आलेलं असेल, किंवा समोरच्याच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधला असेल. दोन अक्षरांच्या त्या फरकात सगळा वाद सामावलेला आहे.

जेम्सनी शोक बाजूला ठेवून टिपणं ठेवली. १८८७ मध्ये हॉजसन बॉस्टनला आला, आणि अड्यारच्या अनुभवाने पोळलेल्या त्या माणसाने बाईंच्या मागे चक्क गुप्तहेर लावले. लबाडीचा धागा हाती लागला नाही. पुढे हाच हॉजसन मृत्यूनंतरच्या अस्तित्वावर विश्वास ठेवू लागला. जेम्स तेवढे पुढे गेले नाहीत. १८९६ च्या भाषणात त्यांनी युक्तिवाद केला की सगळे कावळे काळे असतात हा नियम मोडायला एकच पांढरा कावळा पुरेसा आहे, आणि आपल्यापुरता तो पायपरबाईंच्या रूपाने सापडला आहे. पण सापडलं ते काय? नेहमीच्या मार्गांनी न मिळालेलं ज्ञान. ते मृतांकडूनच आलं, असा दावा त्यांनी केला नाही.

डिसेंबर १९०५ मध्ये हॉजसन अचानक वारला. काही दिवसांतच पायपरबाईंच्या तोंडून 'हॉजसन' बोलू लागला! आपल्या मित्राचीच तपासणी करायची वेळ जेम्सवर आली. १९०९ मध्ये त्यांनी अहवाल दिला, पण निकाल दिला नाही. त्याच वर्षी त्यांनी लिहून टाकलं की पंचवीस वर्षांनंतरही सिद्धान्ताच्या बाबतीत आपण सुरुवातीलाच आहोत. पुढच्याच वर्षी ते गेले.

मंडळी, मूल गमावलेल्या बापाने 'माहीत नाही' म्हणणं ही साधी गोष्ट नाही. 'हो' म्हटलं असतं तर सांत्वन मिळालं असतं, 'नाही' म्हटलं असतं तर विद्यापीठात वाहवा मिळाली असती.

आणि याच माणसाने १९०२ मध्ये धार्मिक अनुभवांवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ दिला. त्यात गूढानुभवाबद्दलची त्यांची भूमिका अशी: तो अनुभव ज्याला येतो त्याच्यासाठी प्रमाण असतो, इतरांवर तो मानण्याची सक्ती नसते, पण तर्काची जाणीव हीच एकमेव जाणीव, हा हट्ट मात्र त्यामुळे सैल होतो. म्हणजे जेम्सच्या कामात आपल्याला दोन वह्या वेगळ्या दिसतात. 'पत्र हवेतून आलं' हा जगाबद्दलचा दावा आहे. त्याला पुरावाच लागतो. 'मला ऐक्याचा अनुभव आला' याची परीक्षा त्या माणसाच्या जगण्यातून होते.

आपल्याकडे हा भेद नवा नाही. पतंजलींनी योगसूत्रांच्या विभूतिपादात सिद्धींची वर्णनं केली आणि तिथेच बजावलं की समाधीच्या वाटेवर त्या अडथळा आहेत. आपण मात्र वह्यांची सरमिसळ करतो. कुणी हवेतून अंगारा काढला की त्याच्या प्रवचनावर विश्वास ठेवतो. आणि तो अंगारा खोटा निघाला की ध्यानाला बसणाऱ्या शेजाऱ्यालाही हसतो. पहिल्या चुकीत दुःखी माणसं लुबाडली जातात. दुसऱ्या चुकीत एका खऱ्या अनुभवाचं तोंड बंद होतं.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाला आमचं उत्तर एवढंच, की आधी विचारा, हे कुठल्या वहीत लिहायचं? पुढच्या व्याख्यानात आपण या दुसऱ्या वहीकडे वळू.